साडेचार लाखांचं घड्याळ आणि ‘तुला कळणार नाही’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई कोल्हापूरच्या, वय ४३, एका पतसंस्थेत नोकरी करतात. नवऱ्याची चुलत भावासोबत भागीदारीत शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. भट्टीसाठी काढलेलं मोठं कर्ज यंदा फिटलं. गेलं वर्षभर नवरा रात्री जेवण झालं की मोबाईलवर घड्याळांचे व्हिडिओ बघत बसतो, आणि आता त्याने साडेचार लाखांचं एक स्विस घड्याळ घ्यायचं मनात घेतलं आहे. ताई म्हणाल्या, “वेळ तर मोबाईलवरही दिसते. मामंजींनी अख्खी नोकरी एका एचएमटीवर काढली. हा दिखावा कशासाठी? एवढ्या पैशात सोनं घेतलं तर निदान घरात राहील.” त्यावर नवरा एवढंच म्हणाला, “तुला कळणार नाही.” तेव्हापासून घरात अबोला आहे. पंधरा वर्षांचा मुलगाही आता बुटांच्या आणि घड्याळांच्या ब्रँडची नावं घेऊ लागला आहे. ताई विचारतात: मी कद्रू आहे का? आणि हे खूळ त्यांच्या डोक्यातून कसं काढू?

ताई,

तुम्ही कद्रू नाही. मोठा खर्च होताना घरात एकाने तरी थांबून विचारायला हवं आणि ते तुम्ही केलंत. पण तुमचं पत्र पुन्हा वाचताना जाणवलं की साडेचार लाखांबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात आणि ‘तुला कळणार नाही’ या तीन शब्दांबद्दल जवळजवळ पानभर. लागलंय ते तिथे. म्हणून पैशाकडे मी नंतर येते. आधी ‘कळण्या’बद्दल बोलू, कारण नवऱ्याने तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं ते त्यांनी सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही विचारण्याआधी निकाल देऊन टाकला आहे.

मोबाईलवर वेळ दिसते हा तुमचा मुद्दा खरा आहे. पण तो तुमच्या यजमानांना ठाऊक नाही असं कसं होईल? हा वाद घड्याळाच्या धंद्यात पन्नास वर्षांपूर्वीच संपला. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. बॅटरीवर चालणाऱ्या अशा घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीकसा स्फटिक असतो, आजच्या बहुतेक घड्याळांत तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. आज काहीशे रुपयांना मिळणारं असं घड्याळ महिन्याभरात पंधरा-वीस सेकंदांनी चुकतं. स्विस संस्थेने अचूक म्हणून प्रमाणपत्र दिलेल्या चावीच्या किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या) यंत्राला मात्र दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे स्वस्त घड्याळ महिन्याभरात जेवढं चुकेल, तेवढं लाखांचं घड्याळ तीन-चार दिवसांतही चुकू शकतं. ते घेणारा माणूस वेळ बघायला घेत नाही आणि विकणाराही त्यासाठी विकत नाही.

मग काय विकलं जातं? क्वार्ट्झ आल्यावर स्वित्झर्लंडमध्ये हाहाकार उडाला. १९७०च्या सुमारास तिथल्या घड्याळ उद्योगात साधारण ९०,००० माणसं होती, १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ३०,०००च्या आसपास उरली. अचूकपणात आणि किमतीत जपानशी टक्कर देणं अवघड होतं. जे तगले त्यांच्यापैकी अनेकांनी दुसराच माल पुढे केला: हाताची कारागिरी, घराण्याचं नाव, दुर्मीळपणा. त्याची चुणूक १९७२मध्येच दिसली होती. ओदमार पिगे या कंपनीने ‘रॉयल ओक’ नावाचं साध्या पोलादाचं घड्याळ ३,३०० स्विस फ्रँकला काढलं. सोन्याच्या अनेक घड्याळांपेक्षा ते महाग होतं. लोक आधी चक्रावले, पण हळूहळू ते चाललं. १९९६पासून पाटेक फिलिप कंपनी बाप-लेकाची, माय-लेकीची चित्रं घेऊन जाहिरात करते. सांगणं असं की हे घड्याळ तुम्ही पुढच्या पिढीसाठी फक्त सांभाळता. त्या जाहिरातीत वेळेचा उल्लेखही लागत नाही.

हे तुम्हाला माहीत असावं, कारण यजमानांच्या मनातल्या ओढीचा काही भाग त्यांचा स्वतःचा आहे आणि काही भाग फार हुशार माणसांनी पन्नास वर्षं खपून तयार केलेला आहे. वर्षभर रोज रात्री व्हिडिओ बघितल्यावर कुठला भाग कुठे संपतो हे त्यांनाही सांगता येईल असं वाटत नाही. पण त्यांचा स्वतःचा भाग मुळीच नाही असं समजू नका.

तुमचे यजमान काय करतात हे एकदा घड्याळ बाजूला ठेवून बघा. ते कास्टिंग बनवतात. पंपाच्या, इंजिनाच्या, गिअरबॉक्सच्या पोटात जाणारे भाग. माप चुकलं की लॉट रिजेक्ट होतो, बरोबर आलं तर कुणी काही बोलत नाही. त्यावर नाव असतं गिऱ्हाईक कंपनीचं. रंग लागला की त्यांचं काम दिसतही नाही. अशा माणसाच्या हातात एक यंत्र येतं ज्यात केसासारखी बारीक स्प्रिंग आहे, तिच्यामुळे एक चाक तासाला २८,८०० वेळा, म्हणजे सेकंदाला आठ वेळा, इकडून तिकडे होतं, बॅटरी नाही, आणि कधी कुणाला दिसणार नाहीत अशा आतल्या कडाही कुणीतरी बसून घासून चमकवल्या आहेत. लोखंडाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला हे बघून भरून येणं मला अगदी समजू शकतं. तुम्हाला ते दिखाव्यासारखं दिसतं, त्यांना कदाचित आपल्याच कामाचा मान झाल्यासारखं वाटत असेल. मी त्यांना भेटलेली नाही, त्यामुळे हा माझा अंदाज आहे. पण विचारून बघण्यासारखा आहे.

दिखावा हा शब्द तपासायला आणखी एक कारण आहे. शिरोलीत, महाद्वार रोडला किंवा तुमच्या नात्यातल्या लग्नात साडेचार लाखांचं घड्याळ किती जणांना ओळखू येईल? बहुतेकांना ते साडेचार हजारांच्या घड्याळासारखंच दिसेल. चारचौघांत मिरवायचंच असतं तर तेवढ्या पैशात गळ्यात जाड साखळी आली असती, ती लांबूनही दिसली असती. घड्याळ ओळखणारे थोडे असतात, आणि त्या थोड्यांनी ओळखावं अशी इच्छा असते खरी. तिलाही मी निरागस म्हणणार नाही. पुण्याच्या, चाकणच्या मोठ्या कंपन्यांत पुरवठादार म्हणून बसताना समोरच्यांच्या मनगटांकडे लक्ष जातं, आपण छोटे वाटतो. हे कारण असेल तर त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, कारण या कारणासाठी घड्याळाचा उपयोग होत नाही. ऑर्डर रेटवर, रिजेक्शनच्या टक्क्यावर आणि वेळेवर गाडी पोचण्यावर मिळते. उलट पुरवठादाराच्या हातात भारी घड्याळ दिसलं तर पर्चेसच्या माणसाला रेट कमी करायला जागा आहे असंही वाटू शकतं.

पुरुषांच्या दागिन्यांचाही विचार करा. आपल्याकडे भिकबाळी होती, सलकडी होती, अंगठ्या होत्या. शहरी नोकरी-धंद्यातल्या पुरुषाला आता कपाळ, कान, गळा सगळं मोकळं ठेवायचं असतं. उरतं मनगट. गंमत अशी की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालून वेळ बघणं जमेना, तेव्हा ते पुरुषांच्या मनगटावर आलं आणि तिथेच राहिलं. दागिना म्हणून बघितलंत तर तुमचा राग थोडा वेगळा होईल. दागिन्याला ‘याचा उपयोग काय’ असं आपण विचारत नाही, ‘परवडतो का’ एवढं विचारतो.

आता मामंजींच्या एचएमटीबद्दल. ते उदाहरण तुम्ही साधेपणाचं म्हणून दिलंत. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला. ‘जनता’, ‘सोना’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही नावं घराघरांत पोचली. पण त्या काळात ते घड्याळ हातात येणं म्हणजे मोठी गोष्ट होती. नोकरी लागली की घड्याळ, मॅट्रिक पास झालं की घड्याळ, लग्नात जावयाला घड्याळ. त्याआधीच्या पिढीत ‘वेस्ट एंड’ आणि ‘फेव्हर लुबा’ ही स्विस घड्याळं मुंबईतून गावोगाव गेली होती आणि ज्याच्या घरी असत तो ती जपून पेटीत ठेवी. मामंजींना विचारता येत असेल तर विचारा, ते घड्याळ त्यांनी कधी घेतलं, कशासाठी, पगारातले किती महिने बाजूला टाकले. तुमच्या घरात घड्याळाने एक प्रसंग साजरा होण्याची ही पहिली वेळ नसावी. भट्टीचं कर्ज याच वर्षी फिटलं आणि घड्याळाचा विषयही याच वर्षी पक्का झाला, हे तुमच्याच पत्रात आहे.

ते एचएमटी घरात असेल तर साफ करून घ्या. चावीची ती यंत्रं दणकट असतात, तेल-पाणी झालं की बहुधा पुन्हा चालतात. एवढीच काळजी घ्या की दुरुस्ती करणाऱ्याने तबकडी नव्याने रंगवू नये. जुनी घड्याळं रंगवून, इकडचे तिकडचे भाग जोडून विकण्याचा मोठा धंदा आहे. संग्रह करणारे अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि त्याला हात लावत नाहीत. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला केंद्राने २०१६मध्ये मंजुरी दिली. सुटे भाग आता बहुधा जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात, तेव्हा हाती आहे ते बिघडवू नका.

इथवर मी यजमानांची बाजू घेतल्यासारखं वाटलं असेल. पैशाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे.

घड्याळ ही गुंतवणूक नाही. व्हिडिओवाले सांगतात तशी काही थोड्या मॉडेलांची किंमत वाढते, पण ती मॉडेलं दुकानात सहज मिळत नाहीत. २०२१ आणि २०२२च्या सुरुवातीला जुन्या घड्याळांचे भाव भडकले होते, त्या तेजीत घेतलेल्यांचे पुढे भाव उतरल्यावर पैसे अडकले. २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक रोलेक्स १ कोटी ७७ लाख डॉलरांना गेलं ही बातमी खरी आहे, पण ते पॉल न्यूमन या नटाने स्वतः वापरलेलं होतं. भाव त्याच्या हाताला होता. दुकानातून आज घेतलेलं बहुतेक घड्याळ उद्या विकायला नेलं तर घेतल्या किमतीपेक्षा बरंच कमी मिळेल. सोनं रात्री अडचण आली तर सकाळी तुमच्याच पतसंस्थेत तारण ठेवता येतं, घड्याळ सहसा कुणी तारण घेत नाही. तुमचा मुद्दा इथे पक्का आहे. फक्त प्रामाणिकपणे एवढंही मान्य करू की घडणावळ देऊन केलेले आपले दागिने आपण गुंतवणूक म्हणतो आणि क्वचितच मोडतो. आपल्या हौसेला बचत म्हणायचं आणि दुसऱ्याच्या हौसेला उधळपट्टी, असं घरात नको.

म्हणून आवडीवर भांडू नका, पैशावर बोला. आणि ते बोलणं स्पष्ट असू द्या. हे साडेचार लाख कुठून येणार? फाउंड्रीच्या खेळत्या भांडवलातून असतील तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. गिऱ्हाइकाचं पेमेंट महिनोन्‌महिने लांबतं, वीजबिल आणि कामगारांचा पगार थांबत नाही. भागीदारीच्या खात्यातून तर मुळीच नाही. चुलत भावाचा त्यात वाटा आहे, आणि वैयक्तिक घड्याळ धंद्याचा खर्च म्हणून दाखवणं चूक आहे. कर्ज काढून किंवा हप्त्यावर घेणंही नको. एक कर्ज नुकतंच उतरलंय, त्याचा आनंद दुसरं चढवून कसा साजरा करायचा? घरखर्चाचे सहा-आठ महिने बाजूला आहेत का, घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा पुरेसा आहे का, दहावीनंतर मुलाच्या शिक्षणाचे पैसे ठरलेत का, हे कागदावर मांडा. तुम्ही पतसंस्थेत रोज लोकांचे हिशेब बघता, घरचा एक तास बघा. हे सगळं बाजूला काढून पैसे उरत असतील, तर त्यातल्या काही रकमेवर प्रत्येकाला दुसऱ्याला न विचारता हक्क असावा, असं माझं मत आहे. त्यांना तेवढाच, तुम्हालाही तेवढाच. ती रक्कम दोन लाख निघाली तर घड्याळ दोन लाखांचं, किंवा अजून थांबायचं.

थांबणं हा उत्तम उपाय आहे. दरमहा आवर्ती ठेवीत पैसे टाकायला सांगा आणि वर्षभर तो विषय तसाच राहू द्या. वर्षाने ओढ टिकली तर ती व्हिडिओंची नव्हती हे दोघांनाही कळेल. मधल्या काळात हाताला घालून बघता येतं, अधिकृत दुकानात त्याचे पैसे पडत नाहीत. चित्रात आवडलेलं घड्याळ मनगटावर अवजड वाटतं असं पुष्कळांचं होतं. आणि यंत्राचीच ओढ असेल, तर सेइको, सिटिझन यांची ऑटोमॅटिक घड्याळं काही हजारांत मिळतात. आत तीच स्प्रिंग, तेच चाक, तोच डोळ्यांना धरून ठेवणारा खेळ. घासकाम तितकं बारीक नसतं, पण पहिल्या घड्याळाला त्याने काही बिघडत नाही.

घ्यायचंच ठरलं तर अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, वॉरंटी कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी ताडून घ्यावं. ‘दुबईहून कुणीतरी आणून देतो, स्वस्त पडतं’ यात पडू नका. सीमाशुल्क चुकवून आणलेलं घड्याळ विमानतळावर जप्त होऊ शकतं, आणि नकली निघालं तर जाब कुणाला विचारणार? रोख रक्कम देऊन घेण्याचंही मनात आणू नका, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं विक्रेत्याला कायद्याने मना आहे. आणखी एक खर्च लोक धरतच नाहीत. अशी यंत्रं साधारण पाच-सात वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावी लागतात, आणि मोठ्या स्विस कंपन्यांकडे एकेका सर्व्हिसचं बिल हजारांच्या मोठ्या आकड्यात जातं. फाउंड्रीच्या धुळीत, भट्टीच्या उष्णतेत ते घालून जाणार का, हेही आत्ताच विचारून ठेवा.

तुमच्यासारखी इतरही पत्रं येतात, म्हणून दोन गोष्टी त्या वाचकांसाठी. पहिल्या नोकरीत मित्रांकडे आहे म्हणून हप्त्यावर घड्याळ घेणाऱ्या मुलामुलींनो, घड्याळ हातात येतं त्या दिवशी त्याचा आनंद सगळ्यात जास्त असतो आणि हप्ता दोन वर्षं तेवढाच राहतो. त्यापेक्षा टायटनवर भागवून पैसे साठवा, त्यात कमीपणा अजिबात नाही. होसूरच्या त्याच कंपनीने २००२मध्ये अवघं साडेतीन मिलिमीटर जाडीचं ‘एज’ काढलं होतं, कारागिरी बघायला परदेशातच जावं लागतं असं नाही. आणि मुलीच्या आईवडिलांनो, जावयासाठी अमुक ब्रँडचं घड्याळ ‘सुचवलं’ जात असेल तर ती मागणी आहे. मागून घेतलेलं घड्याळ हुंडाच, आणि हुंडा १९६१पासून कायद्याने गुन्हा आहे. नाही म्हणा.

ताई, मुलाबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंत, मला ते महत्त्वाचं वाटतं. घरात घड्याळ आलं किंवा नाही आलं, तरी जेवताना त्याच्या किमतीचा उल्लेख दोघांनीही थांबवा. बाप-लेक मिळून ते यंत्र कसं चालतं हे बघत असतील तर बघू द्या. पंधराव्या वर्षी मुलगा आकडा ऐकेल तर आकडा धरून ठेवेल. ब्रँडची नावं घेतो म्हणून त्याला ओरडू नका. बूट घ्यायचे असतील तेव्हा वर्षाची एक रक्कम त्याच्या हातात द्या आणि निवड त्याची त्याला करू द्या.

आणि अबोला आधी संपवा, हिशेबाच्या कागदाच्याही आधी. यजमानांना सांगा की साडेचार लाखांपेक्षा ‘तुला कळणार नाही’ जास्त लागलं. तुम्हीही ‘दिखावा’ म्हणालात ते त्यांना लागलं असणार, तेही बोलून टाका. मग एखाद्या रविवारी म्हणा, मला कळून घ्यायचंय, दाखवा काय दाखवायचं ते. मध्ये किंमत काढायची नाही, मामंजी काढायचे नाहीत. तासाभराने तुम्हाला ते घड्याळ आवडेल असं मी म्हणत नाही. नाही आवडलं तर तसं सांगा. पण त्यानंतर ‘आत्ता परवडत नाही’ म्हणालात तर ते त्यांना ऐकू येईल, कारण त्यांची आवड तुम्ही आधी ऐकून घेतलेली असेल. पुढच्या खेपेला ते कामासाठी पुण्याला निघाले की एक दिवस रजा टाका आणि त्यांच्यासोबत दुकानात जाऊन या, घ्यायचं नसलं तरी.